झाली की केली?

परवा घोडबंदर रोडवरच्या एका साइटवर आमचे जुने टाइल कारागीर तात्या मला म्हणाले, "सावंतसाहेब, कोपऱ्यातली एक टाइल फुटली." माझ्या तोंडून निघून गेलं, "फुटली की फोडली?" मी त्यांच्या घरच्या भांडणात नाक खुपसल्यासारखे तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग हसून म्हणाले, "फोडली. हातोडी पडली हातातून. म्हणजे, पाडली."

'तोंडून निघून गेलं' असं मी वर लिहिलं आहे. कर्णिक मॅडमनी ते हिरव्या शाईने खोडून 'मी म्हणालो' असं केलं असतं. आणि ते बरोबरच आहे. मीच म्हणालो. पण वाक्य त्यांचं होतं.

मी डोंबिवलीतला एक छोटा ठेकेदार. दुकानं, दवाखाने, लहान ऑफिसं यांची आतली कामं घेतो. भिंती, टाइल्स, टॉयलेट, फॉल्स सीलिंग. हे काम मी दुसऱ्यांच्या हाताखाली शिकलो. पण कोटेशन कसं लिहायचं, पत्र कसं पाठवायचं, गिऱ्हाइकाला 'नाही' कसं म्हणायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. चार-पाच वर्षांपूर्वी कोपरीतल्या एका टाइल्सच्या व्यापाऱ्याने आमच्यासारख्यांसाठी वर्ग काढला. त्याच्या गोदामावर पत्र्याची एक खोली होती. दर रविवारी सकाळी दहा ते बारा, सहा महिने, चहा-बिस्किटं फुकट. शिकून शहाणे झालेले ठेकेदार टाइल्स आपल्याकडूनच घेतील, असा त्याचा साधा अंदाज होता. शिकवायला त्याने कर्णिक मॅडमना आणलं, आणि त्यांनी पहिल्याच रविवारी आम्हाला शिकवलं की कुठलाही माल घेताना तीन दुकानांतून भाव मागवायचे. व्यापारी तेव्हा दारातच उभा होता. पुढच्या रविवारपासून बिस्किटं बंद झाली.

मॅडम सत्तरीला आलेल्या. उंची इतकी कमी, की फळ्याचा वरचा अर्धा भाग सहा महिने कोराच राहिला. सुती साडी, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा आणि पायात साइटवर घालतात तसे काळे, जाड तळाचे बूट. एका मोठ्या बांधकाम कंपनीत त्यांनी सगळी नोकरी पत्रं लिहिण्यात काढली होती. काम का लांबलं, कुणामुळे लांबलं, कुठला खांब कुणाच्या सांगण्यावरून हलवला. "इंजिनिअर लोक चुका करायचे," त्या म्हणायच्या, "आणि मी त्या चुकांना चांगले कपडे घालून बाहेर पाठवायची. आता म्हातारपणी कपडे उतरवायचं काम करते."

त्या खोलीला बाहेरून एक उभा लोखंडी जिना होता. मॅडम तो उलट्या उतरायच्या. पायऱ्यांकडे तोंड, दोन्ही हात कठड्यावर, शिडीवरून उतरतात तशा. पहिल्या दिवशी आमच्यातल्या एकाने आधाराला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "साइटवर जिना शेवटी येतो, तोवर शिडीच असते. शिडीकडे पाठ करून उतरणारा एक इंजिनिअर मी पाहिला होता. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा प्लास्टरमध्ये होता." आम्ही सगळे प्लास्टरवाले, त्यामुळे हसायला थोडा वेळ लागला.

वर्गाची सुरुवात नेहमी एकाच गोष्टीने व्हायची. तिला आम्ही 'मीची पाळी' म्हणायचो. प्रत्येकाने उठून आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. अट एवढीच, की वाक्य 'मी'पासून सुरू झालं पाहिजे आणि त्यात 'झालं' हे क्रियापद चालणार नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण ठेकेदाराच्या तोंडी दुसरं क्रियापदच नसतं. उशीर झाला, माप चुकलं, माल राहिला, रंग उडाला. आमच्या साइटवर सगळ्या गोष्टी आपापल्या मनाने होतात. आम्ही फक्त शेजारी उभे असतो.

कल्याणजवळच्या एका गावातले पाटील हे आमच्या वर्गाचे भूषण होते. आडवं अंग, गळ्यात जाड साखळी, आणि आवाज असा की खालच्या गोदामातले हमाल वर बघायचे. पहिल्या पाळीला ते उठले आणि म्हणाले, "मॅडम, भित वाकरी झाली."

"स्वतःहून?" मॅडमनी विचारलं.

"आता मी काय तिला सांगलं का, वाकरी हो म्हनून?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर 'भिंत' लिहिलं आणि पुढे 'झाली की केली?' असं लिहिलं. मग दहा मिनिटं पाटील गवंड्यापासून विटांपर्यंत आणि विटांपासून आर्किटेक्टपर्यंत सगळ्यांची नावं घेत फिरले. मॅडम प्रत्येक नावाला मान हलवत होत्या आणि वाट बघत होत्या. शेवटी पाटील खाली बघून पुटपुटले, "मी वलंबा लावला नाय." ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का ते दाखवणारी वजनाची दोरी. एवढं बोलून ते डोक्यावरची पाटी उतरवल्यासारखे मटकन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं, की मला त्यांचा हेवा वाटला.

दुसरी बंदी 'होऊन जाईल' या शब्दांवर होती. ते ज्याच्या तोंडून निघतील त्याने त्या दिवशी सगळ्यांना चहा वाटायचा. पहिला महिनाभर चहा मीच वाटला.

कोटेशनचा धडाही असाच. त्यांनी आम्हाला दुकानाच्या एका दरवाजाचं कोटेशन लिहायला सांगितलं. पाटलांनी लिहिलं, 'एक दरवाजा – फिट.' मॅडमनी ते राष्ट्रगीतासारखं उभं राहून वाचून दाखवलं. मग विचारत गेल्या: कुलूप कुणाचं? जुना दरवाजा कोण काढणार? तो टाकणार कुठे? चौकटीभोवतीचं प्लास्टर कोण करणार? भांडणं जी होतात ती कोटेशनमध्ये लिहिलेल्या गोष्टींवरून होत नाहीत, न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून दुसरं पान लावायचं, आणि त्याला मथळा द्यायचा, 'यात काय नाही'. पुढच्या रविवारी पाटलांनी आपल्या दुसऱ्या पानावर पहिलीच ओळ लिहून आणली, 'यात माझा भाऊ नाही.' त्यांचा भाऊ प्रत्येक साइटवर येऊन गिऱ्हाइकाला सल्ले द्यायचा. मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आज वर्गात एकाला तरी समजलं."

आणि डायरी. रोज साइटवर काय केलं ते पाच ओळींत लिहायचं आणि रविवारी वही त्यांच्याकडे द्यायची. त्या प्रत्येक पान वाचायच्या आणि खाली हिरव्या शाईने 'वा.' लिहायच्या. 'वाचले'चं ते लघुरूप होतं. पाटलांनी ते महिनाभर कौतुक म्हणून घेतलं आणि घरी बायकोलाही दाखवलं. खरा अर्थ कळल्यावर ते म्हणाले, "मॅडम, तिला आता काय सांगू नका."

आता मला जे सांगायचं आहे ते मी एवढा वेळ पाटलांच्या मागे लपवत होतो. तेही सांगून टाकतो.

माझ्याबरोबर वर्गाला सुरेश गायकवाड यायचा. आंबिवलीचा. प्लंबिंगची कामं करायचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. बोलायला कमी, हात साफ. त्याला वर्गात मीच आणलं. मॅडमच्या सांगण्यावरून त्याने आयुष्यातलं पहिलं व्हिजिटिंग कार्ड छापलं, आणि गठ्ठ्यातलं सर्वांत वरचं कार्ड मला दिलं. "भाऊ, पहिलं तुम्हाला," म्हणाला. ते माझ्या पाकिटात अजून आहे.

आम्ही दोघं तेव्हा कल्याणला दुसऱ्या मजल्यावर एका दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना करत होतो. पाइप सुरेशचे, बाकी सगळं माझं. ओल्या जागेत फरशी बसवायच्या आधी एक साधी गोष्ट करायची असते. पाण्याची तोंडं बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत कोरडं आहे का ते बघायचं. सुरेश जाताना बजावून गेला होता, "भाऊ, पाणी भरल्याशिवाय टाइल लावू नका." पण त्याच शुक्रवारी त्या भागातलं पाणी लाइनच्या दुरुस्तीसाठी दोन दिवस बंद होतं, आणि डॉक्टरांनी उद्घाटनाची पत्रिका छापून ठेवली होती. मी टाइल लावून घेतली. डायरीत मात्र लिहिलं: 'शुक्रवार, पाणी भरले. शनिवार, पाणी उभे. रविवार, छत कोरडे.' दवाखान्याच्या आर्किटेक्टलाही तेच सांगितलं.

दवाखान्याखाली शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस, दुकान छतापर्यंत भरलेलं. आठवड्याभरात तिथे पाणी उतरलं आणि पांढऱ्या शर्टांच्या गठ्ठ्यांवर पिवळे नकाशे काढून गेलं. आर्किटेक्टचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "पाइपच्या जॉइंटला गळती झाली असणार." मी सुरेशचं नाव घेतलं नाही. फक्त 'झाली' म्हणालो. त्या एका शब्दाने बाकीचं काम केलं. आर्किटेक्टच्या घोडबंदर रोडवरच्या एका नव्या टॉवरमध्ये ऑफिसच्या दोन मजल्यांचं प्लंबिंग सुरेशला मिळणार होतं. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं मोठं काम. दुसऱ्याच दिवशी त्याला कळवलं की ते आता दुसऱ्याकडे दिलंय.

दोन दिवसांनी मी फरशी उकरली. सुरेशचा जॉइंट ठणठणीत कोरडा होता. पाणी कोपऱ्यातून उतरत होतं. तिथे माझ्या माणसांनी वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर वीतभर कमी चढवला होता. मी कोपरा नीट केला, फरशी पुन्हा बसवली आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

त्या रविवारी 'मीची पाळी' आली. सुरेश माझ्या शेजारी बसला होता. तो उठला आणि सावकाश म्हणाला, "मी माझ्या साइटवर पाणी भरलं की नाही, ते स्वतः जाऊन बघितलं नाही." आणि बसला. चूक त्याची नव्हती, आणि त्याने स्वतःच्या वाट्याची तेवढी शोधून काढली होती.

मग मी उठलो. म्हणालो, "मी मागच्या आठवड्यात एका पत्रावर तारीख घातली नाही."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अजून काही, सावंत?"

"नाही मॅडम. एवढंच."

"बरं. पुढचे."

घरी येऊन वही उघडली. सगळ्या पानांवर हिरवा 'वा.' होता. शुक्रवार, शनिवार आणि रविवारच्या ओळी असलेल्या त्या पानावर काही नव्हतं. चुकून राहिला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. 'राहिला' हेही तसलंच क्रियापद.

त्यानंतर तीन महिने मी दर रविवारी उठून अशा चुका सांगितल्या की ऐकणाऱ्याला मी फार प्रामाणिक वाटावा. हेल्मेट घातलं नाही. फोन उचलला नाही. गिऱ्हाइकाला वेळेवर ड्रॉइंग दाखवलं नाही. मॅडम दरवेळी त्याच स्वरात विचारायच्या, "अजून काही?" आणि मी म्हणायचो, "एवढंच." सुरेश शेजारी बसून वहीत सरळ रेघा मारायचा. माझ्याशी पूर्वीसारखाच बोलायचा, आणि मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. घरी बायको म्हणायची, "रविवारी वर्गाला जाऊन येता आणि दिवसभर तोंड पाडून बसता. नापास करतात का तिथे?"

वर्गाच्या शेवटच्या रविवारसाठी गृहपाठ होता एक खरं पत्र. जे खरोखर पाठवायचं आहे, आणि आजवर पाठवलं नाही, असं. पाटलांनी भावाला पत्र लिहिलं. मी आर्किटेक्टला लिहिलं. दीड पान. सगळे गेल्यावर मी ते मॅडमच्या टेबलावर ठेवलं. खाली व्यापाऱ्याने शेवटचा दिवस म्हणून बिस्किटं पुन्हा सुरू केली होती आणि पाटलांचा आवाज वरपर्यंत येत होता.

मॅडमनी पत्र वाचलं. मग पेनचं टोपण काढलं. पाणी बंद असल्याचा परिच्छेद खोडला. डॉक्टरांच्या पत्रिकेचा खोडला. माझ्या वडिलांच्या आजारपणाचे दोन शब्द होते, तेही खोडले. अर्धं पान 'मला अत्यंत खेद होत आहे' असं होतं, त्यावर आडवी रेघ मारली. "खेद पानभर लिहिला की वाचणाऱ्यालाच तुमची समजूत काढावी लागते," त्या म्हणाल्या. "त्यांना बिचाऱ्यांना दुसरी कामं आहेत."

शेवटी एक वाक्य उरलं. 'पाणी भरून चाचणी घेतली गेली नाही.' त्यावर त्या थांबल्या.

"गेली नाही?" त्यांनी विचारलं. "कुठे गेली नाही, सावंत?"

त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. पहिल्यांदाच ते हिरवं पेन माझ्या हातात आलं. मी 'गेली' खोडलं आणि वाक्याच्या सुरुवातीला 'मी' लिहिलं. मग खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. 'गायकवाड यांच्या जॉइंटमध्ये काहीही दोष नव्हता. हे मी फरशी उकरली तेव्हाच पाहिलं आणि आपल्याला कळवलं नाही.'

मॅडमनी ते वाचलं. चष्मा काढून दोरीवर सोडला, आणि म्हणाल्या, "मी कल्याणलाच राहते. त्या दोन दिवसांत आमच्या बिल्डिंगमध्ये थेंब नव्हता. तुमचं पान वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. सावंतांनी टँकर मागवला असेल, अशी मी माझी समजूत घातली. पानावर 'वा.' लिहिलं नाही, म्हणजे आपण काहीतरी केलं, असं मला वाटलं. मी तुम्हाला विचारलं नाही. तीन महिने. त्या पोराचं काम गेलं." क्षणभर थांबून त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केलं. "गेलं नाही. तुम्ही घालवलं, आणि मी घालवू दिलं."

पत्राच्या खाली त्यांनी हिरव्या शाईने 'वा.' लिहिलं. डायरीचं ते पान मी पुढे केलं, तर मान हलवली. "ते कोरंच राहू दे."

पुढचं थोडक्यात सांगतो. टॉवरचं काम सुरेशला मिळालं नाही, ते केव्हाच सुरू झालं होतं. आर्किटेक्टने त्याला फोन करून माफी मागितली आणि काही महिन्यांनी दुसरं, लहान काम दिलं. मला मात्र त्यांनी पुन्हा कधी बोलावलं नाही. गणवेशवाल्यांचं छत मी स्वतः उभं राहून रंगवून दिलं. पत्राची प्रत घेऊन मी आंबिवलीला सुरेशच्या घरी गेलो. त्याच्या आईने पाणी दिलं. त्याने प्रत दोनदा वाचली आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, हे तेव्हा लिहायचं होतं." आम्ही आता पुन्हा एकत्र काम करतो. पण पाणी भरायला तो स्वतः येतो, दोन दिवसांनी छत बघायलाही स्वतः येतो, आणि माझ्या वहीत माझ्या सहीशेजारी आपली सही करतो. मी वही उघडून धरतो.

वर्ग पुन्हा भरला नाही. व्यापाऱ्याच्या लक्षात आलं, की आम्ही सगळे तीन दुकानांतून भाव मागवतो. मॅडम नाशिकला बहिणीकडे राहायला गेल्या. सणासुदीला फोन होतो. म्हणजे, मी करतो.

पण मॅडम म्हटलं की मला वर्गाच्या त्या शेवटच्या रविवारचा जिना दिसतो. त्या नेहमीसारख्या उलट्या उतरत होत्या. पर्स खांद्यावर, दोन्ही हात कठड्यावर, बूट एकेक पायरी चाचपत. निरोप घेऊन निघालेल्या माणसाची आपल्याला पाठ दिसते. मॅडमचा चेहरा शेवटपर्यंत माझ्याकडे होता. आधी बूट दिसेनासे झाले, मग साडी, मग खांदे. शेवटी फक्त दोरीचा चष्मा लावलेला चेहरा उंबऱ्याच्या पातळीला उरला. तिथे त्या थांबल्या.

"पत्र कधी टाकणार?"

"आज टाकलं जाईल, मॅडम."

त्या हलल्या नाहीत. खालून पाटील ओरडत होते, "मॅडम, रिक्षा थांबलीय." मॅडमनी तिकडे न बघताच विचारलं, "थांबलीय की थांबवलीय?" आणि डोळे माझ्यावरच ठेवले.

"मी टाकतो," मी म्हणालो. "आत्ता. इथून खाली उतरलो की."

"पायऱ्यांकडे तोंड करून उतरा," त्या म्हणाल्या, आणि एक पायरी खाली गेल्या.